वस्तीचा आवाज

चौथा मजला

ताई फाटकाशी पोचली तेव्हा अख्ख्या इमारतीत उजेड होता, आणि माणसं फक्त चौथ्या मजल्यावर होती.

दुसऱ्यावर कुणाचे तरी मोठे शर्ट वाळत होते. सहाव्यावर लहान मुलाचे मोजे. ताई पडदे शिवायची, त्यामुळे तिची नजर आधी पडद्यांवर गेली. सगळ्या खिडक्यांना एकाच ताग्यातलं कापड, अस्तर नाही, खालची दुमड कच्च्या धाग्याने घातलेली. खरी माणसं राहत असती तर एखाद्या घराने तरी भडक फुलांचा पडदा लावून शेजाऱ्यांचे डोळे दिपवले असते.

चौथ्यावर दाराबाहेर चपलांचे जोड होते. ती आपली चप्पल काढायला वाकली, तोच आई आतून म्हणाली, "तिथे नको गं, आत काढ. त्या मांडलेल्या आहेत."

मागच्या भांडणानंतर आई तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आत सगळे जमले होते. बाबा हात-पाय पसरून खुर्चीत. मधला भाऊ लिफ्टच्या कामावरून थेट आलेला, नखांत ग्रीस. धाकटी बहीण खिडकीपाशी, खोलीकडे पाठ करून. तिची बॅग दाराजवळ तशीच बांधलेली. प्रदर्शनांचे स्टॉल उभारत ती गावोगाव फिरायची आणि मधल्या दिवसांत इथे येऊन टेकायची. नव्हती ती फक्त धाकटीची मुलगी ठिपकी, आणि ताई आली होती ती तिच्यासाठीच.

"ठिपकी कुठाय?"

"वर असेल. वस्ती लावतेय," बाबा कौतुकाने म्हणाले. "एवढीशी पोर, पण काय हात चालतो! तुम्ही तिघं मिळून एवढं झटपट करत नव्हता."

वस्ती लावणं हा बाबांचा शब्द आणि तोच त्यांचा धंदा. न विकलेली इमारत अंधारात दिसली की गिऱ्हाईक गाडीतून उतरतच नाही. म्हणून बिल्डर एका कुटुंबाला फुकट राहू द्यायचा आणि त्या कुटुंबाने सगळ्या मजल्यांवर माणसं असल्याचा देखावा करायचा. संध्याकाळी दिवे. गॅलरीत कपडे. दारात चपला. इमारत विकली गेली की गाशा गुंडाळून पुढच्या इमारतीत. तिन्ही भावंडं अशीच वाढली. शाळेत नाव घालावं तोवर इमारत विकली जायची. आई-बाबा नटूनथटून बिल्डरच्या गिऱ्हाइकांमध्ये सुखी जोडपं म्हणून मिरवायला जायचे. कधी त्याच रात्री परतायचे, कधी दोन दिवसांनी. मुलं मजल्यामजल्यांवर दिवे लावत हिंडायची आणि ज्या मजल्यावर झोप येईल तिथे झोपायची.

"सोमवारी शाळा सुरू होतेय," ताई उभ्या उभ्याच म्हणाली. "तिची जागा मी धरून ठेवलीय. माझ्याकडे राहील. आजच नेते."

"बस तरी. आल्या आल्या काय घोड्यावर?"

"बाबा, ती सहा वर्षांची आहे. तिला अजून अक्षर लावता येत नाही."

"दिवे लावता येतात," मधला म्हणाला. "आपल्या घराण्यात तेवढं पुरतं. बाबांनी आयुष्यभर दुसरं काय लावलं?"

बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. हा विनोद ते स्वतःच पाहुण्यांना सांगत असत. ताईलाही हसू फुटलं, आणि आपण इथे हसतोय याचा तिला राग आला. या घरात भांडायला यावं तर आधी हसवायचे. लहानपणीही असंच. उपाशी ठेवायचे, पण असं हसवत की भूक लागली होती हे दुसऱ्या दिवशी आठवायचं.

"मधल्या, तूही फोनवर हेच म्हणाला होतास ना? सांग ना त्यांना."

मधल्याने नखातलं ग्रीस काडीने कोरायला घेतलं, आणि ताई सावध झाली, कारण ही त्याची

मधला

लहानपणापासूनची सवय होती. पलटी खायच्या आधी तो हातांना काम द्यायचा.

"म्हणालो होतो," मधला म्हणाला. "पण तू यायच्या आधी बाबा काय म्हणाले ते तूही ऐक."

"काय म्हणाले?"

बाबांनी खुर्ची पुढे सरकवली. "बिल्डरला म्हाताऱ्या जोडप्याचं काय करायचंय? आम्हाला ठेवलंय ते पोरीमुळे. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं आणि जिन्यावर फ्रॉक घातलेली पोर पाहतं. संपलं. घर विकलं गेलं! पोर गेली की महिन्याभरात आमचं बिऱ्हाड रस्त्यावर."

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," आई म्हणाली. "त्याला निदान पाठ तरी असते."

"म्हणजे तिच्या जिवावर तुम्ही राहताय."

"तिच्या जिवावर कशाला? ती आमच्याकडे राहते, आम्ही तिच्याकडे राहतो. कुटुंब म्हणजे आणखी काय असतं?"

मधल्याने ताईकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे एकच खोली होती, तिच्यात बायको आणि बायकोची आई. बिऱ्हाड रस्त्यावर म्हणजे त्याच खोलीत, हे बाबांनी न बोलता त्याच्या पुढ्यात मांडलं होतं, दारातल्या चपलांसारखं.

"दिवाळं वाजेल माझं, ताई. तू घेशील का यांना?"

"मी मुलीला घेतेय."

"वा! गोड तेवढं तुझं."

"गोड? मधल्या, तू या घरांमध्ये काय खाल्लंस ते विसरलास? किसलेला साबण खाल्ला होतास, पांढरा दिसला म्हणून!"

"मी कशाला विसरेन? आणि म्हणून काय झालं? मेलो नाही ना?"

"हेच वाक्य आईचं आहे."

"असू दे. तिच्याच पोटचा आहे मी."

आई धाकटीला म्हणाली, "तू बोल की. पोर तुझी आहे. की सगळ्या जगाने ठरवायचं?"

धाकटी खिडकीपासून वळली. तिचे डोळे सुजलेले नव्हते, नुसते दमलेले होते. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "ताईकडे गेली तर चांगलंच होईल. मग मी कुठे यायचं? इथे तरी मला कुणी विचारत नाही, किती दिवस राहणार म्हणून."

"माझ्याकडे विचारलं होतं कुणी?"

"जिजाजींनी. दर जेवणाला."

बाबांनी संधी हेरली आणि समेटाच्या सुरात, जणू सगळे आता त्यांच्याच बाजूला बसलेत अशा थाटात, म्हणाले, "मग काय, ठरलं. या इमारतीपुरती राहू दे. विकली गेली की बघू."

आणि तेव्हा वरून हाक आली.

टेप, पहिली बाजू

(भांड्यांचा आवाज. नळ. नळ बंद.)

बाईचा आवाज : चला गं, चला रे, हात धुवा. गरम आहे तोवर बसा.

(खुर्च्या सरकतात.)

बाईचा आवाज : आज बाबा पण आलेत!

(पुरुषाचं हसणं. मग एका मुलाचं हसणं, खूप वेळ. हे मूल कुणाचं, ते भावंडांना आजतागायत माहीत नाही. रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी तिघांना खाली पिटाळलं होतं, गडबड नको म्हणून.)

बाईचा आवाज : चला गं, चला रे.

(पुन्हा पहिल्यापासून. मशीन वरच्या मजल्यावर ठेवून आई-बाबा बाहेर जायचे. आवाज जिन्यातून खाली यायचा. सुरुवातीला तिघं धावत वर जायची, हात धुऊन.)

आई

तिघं उठली.

आईने ते नीट पाहिलं. तिघांनाही एका क्षणी कुणी दोरीने ओढावं तशी ती उठली. मोठी उभीच होती, ती दाराकडे वळली. मधल्याच्या हातातली काडी खाली पडली. धाकटीने तर फ्रॉकला पुसावेत तसे हात कपड्यांना पुसले. चांगली घोड्याएवढी माणसं, आणि चेहरे बघावेत तर लहान पोरांचे.

"ते मशीन अजून ठेवलंय तुम्ही?" मधला म्हणाला.

"कुठलं? ते? केव्हाच भंगारात दिलं," बाबा म्हणाले. "त्याचा पट्टा तूच तोडलास ना, घर सोडून जाताना?"

वरून पुन्हा हाक आली. *चला गं, चला रे, हात धुवा.*

आई मान तिरकी करून ऐकत राहिली. काय गोड हाक! तरुण बाई असणार, तिशीच्या आतली, पदर खोचून उभी. आवाजात घाई होती, पण वैताग नव्हता. आईला एकदम कुणाचा तरी हेवा वाटला. ज्यांना अशी हाक मिळते त्या मुलांचा, की ती मारणाऱ्या बाईचा, ते तिला कळलं नाही. असलं आयुष्य आपल्याला का नाही मिळालं, असंही मनात येऊन गेलं.

"कोण आलंय गं वर राहायला?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही."

तिन्ही मुलं तिच्याकडे पाहू लागली.

"का? काय झालं?"

"आई," धाकटी म्हणाली, "तो तुझा आवाज आहे."

"हट्. माझा कुठला? मी कधी अशी बोलते?"

जिना

धाकटी सगळ्यांच्या पुढे होती. पाचव्या मजल्याचं दार नुसतं लोटलेलं. आत दिवा. जमिनीवर ताटल्या मांडलेल्या, चकचकीत, कोरड्या. प्रत्येक ताटलीशेजारी पेला.

"ठिपके!"

*आज बाबा पण आलेत,* वरच्या मजल्यावरून.

सहाव्यावर बाथरूममध्ये दात घासायचे ब्रश एका डब्यात उभे होते. मधल्याने उगाच हात लावला आणि झटकन मागे घेतला. सगळेच्या सगळे ओले होते.

"हे आपण नव्हतो करत," तो कुजबुजला.

"नाही," ताई म्हणाली.

सातव्यावर, आतल्या खोलीत, चादरीखाली कुणीतरी मोठं माणूस कुशीवर झोपलं होतं. धाकटीच्या तोंडून आवाज निघाला. ताईने पुढे होऊन चादर उचलली. उशा. गुंडाळलेली सतरंजी. पायांच्या जागी धाकटीचेच जुने बूट, नाडी बांधलेले. पांघरूण मात्र मानेपर्यंत नीट ओढलेलं, दोन्ही बाजूंनी आत खोचलेलं, जसं झोपलेल्याला थंडी वाजू नये म्हणून खोचतात तसं. ताईने चादर परत होती तशीच घातली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"तिला ही हाक शिकवली कुणी?" मधल्याने विचारलं. "तिच्या जन्माच्या आधीच मशीन मेलंय."

धाकटी भिंतीला टेकली. "मी तिला जेवायला तशीच हाक मारते, त्या हसण्यासकट," ती म्हणाली. "पहिल्यापासून. स्टॉलच्या मागे, तंबूत, कुठेही असलो तरी. मला दुसरी येतच नाही, दादा. मी करून पाहिलं. 'ये जेवायला' म्हटलं की मला माझंच खोटं वाटतं."

मधला जिन्याकडे वळला. त्याची स्वतःची मुलं नव्हती. का नव्हती, यावरून घरात एकदा मोठी चर्चा झाली होती. तेव्हा जे कारण त्याला सांगता आलं नव्हतं ते आता जिन्यात उभं होतं, त्याच्या आणि वरच्या उजेडाच्या मध्ये.

दार

आठव्या मजल्याचं दार बंद होतं. आतून कडी.

धाकटीने वाजवलं. आत भांडी वाजायची थांबली.

"कोण आहे गं?" आत एक घोगरा, पुरुषी करायचा प्रयत्न केलेला आवाज.

"कुणी नाही हो," आत बाईचा आवाज. "शेजारचे असतील."

"ठिपके, मी आहे. आई."

मग बाईचाच आवाज, दाराच्या अगदी पलीकडून, सभ्य, जरा घाईत : "आमची मुलं जेवायला बसलीत. तुम्ही नंतर या."

मधल्याने कमरेचा पाना काढला. "बाजूला हो. बिजागरी उचकटतो."

"खबरदार," ताई म्हणाली. "तिचं घर आहे ते."

"कसलं घर? कोरी इमारत आहे!"

"हळू बोल. ती आत आहे."

धाकटीने कपाळ दाराला टेकवलं, दम घेतला आणि तिला येत होती ती एकच हाक मारली. "चला गं, चला रे, हात धुवा..." दाराच्या आतूनही तेच सुरू झालं, त्याच क्षणी, त्याच सुरात, शब्दावर शब्द. *गरम आहे तोवर बसा. आज बाबा पण...* दोन्हीकडून एकच बाई बोलत होती. मधल्याने कान झाकले. कुठली आत आणि कुठली बाहेर, हे ताईला क्षणभर ओळखू येईना, आणि धाकटीलाही ओळखू येत नसावं, कारण ती मध्येच गप्प झाली.

आतली थांबली नाही. हसली. पुरुषाचं हसली, मग मुलाचं हसली, खूप वेळ.

धाकटी तिथेच खाली बसली. पाय पसरले. ताई तिच्याशेजारी पायरीवर टेकली. मधला कठड्याला धरून उभा राहिला, पाना हातात तसाच. आतल्या बाईने सगळ्यांना वाढलं, कुणाला आणखी हवंय का विचारलं, कुणाला तरी सांडल्याबद्दल लटकं रागावलं. पुढे टेपवर काही नव्हतं. तिथून पुढचं ठिपकीने स्वतः बनवलं होतं आणि ते जास्त चांगलं होतं.

"ठिपके," धाकटी म्हणाली. आता आवाजात कसलंच सोंग नव्हतं, दिवसभर लाकडं वाहून बसलेला, आहे तसा होता. "मला भूक लागलीय गं."

आत ताटली खाली ठेवल्याचा आवाज.

"सकाळपासून काही पोटात नाही. गाडीत खाईन म्हटलं, तर गाडी कुठे थांबलीच नाही. डोकं दुखतंय."

"कोण आहे?" ठिपकीने विचारलं. बारीक, साधा आवाज. तो तिचा आहे हे कळायलाही तिघांना वेळ लागला.

"मी."

"तुझा आवाज वेगळा येतोय."

"दमलेय म्हणून."

"इथे काही नाहीये खायला," ठिपकी म्हणाली, जरा ओशाळून. "नुसत्या ताटल्या आहेत."

"माहितीय मला."

"मग दुसरीकडे बघ ना."

"तू येतेस का बरोबर? एकटीने जेवायचा कंटाळा आलाय."

आत पावलं वाजली, आली, गेली. काहीतरी गोळा केल्याचा आवाज. दिवा बंद केल्याचा आवाज. मधल्याने पहिल्यांदाच या इमारतीत कुणी दिवा बंद केलेला ऐकला. मग कडी.

ताईने धाकटीच्या कानात घाईघाईने सांगितलं, "दोघी या. तूसुद्धा. मला पडद्यांच्या कामाला माणूस लागतंच."

"मला शिवता येत नाही."

"दुमड घाल. ह्या बिल्डरपेक्षा बरी घालशील."

"आणि जिजाजी?"

"ते एका जेवणाला विचारतील. दुसऱ्या जेवणाला मी त्यांना विचारेन."

पुन्हा चौथा

बाबा जिन्यात आडवे उभे होते. पोरीला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "आली का माझी लाडकी! अगं, सकाळी पार्टी येतेय. मोठं गिऱ्हाईक आहे, दोन घरं घेणार. तेवढा उद्याचा दिवस थांबव तिला. मग न्या कुठे न्यायचं ते."

कुणी थांबलं नाही, तेव्हा ते मधल्याकडे वळले. "तू सांग. तुला कळतंय सगळं. नाहीतर आमची ट्रंक तुझ्या दारात."

मधल्याने पाना परत कमरेला खोचला. "आणा," तो म्हणाला. "जागा नाहीये. तरी आणा. पण ती थांबणार नाही."

"बायको काय म्हणेल तुझी?"

"शिव्या देईल. खऱ्या देईल."

धाकटीने आपली बॅग उचलली. ठिपकीने काखेत फ्रॉक धरला होता, गॅलरीत वाळत घालायचा तो. ओला नव्हता, कधीच भिजलेला नव्हता. दाराबाहेरच्या मांडलेल्या चपलांतून तिने आपला जोड शोधला. तो होता, पण तिला लहान झाला होता. ती अनवाणीच निघाली.

आई उंबऱ्यात आली. कधी मुलांना पोचवायला ती दारापर्यंत आली नव्हती; निघून जाणारी नेहमी तीच असायची, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. एक चौकटीवर ठेवला. वरचे मजले शांत होते. मघाची ती बाई पुन्हा हाक मारेल, असं तिला वाटत होतं, आणि ती कान देऊन उभी होती.

"आजीला सांग," ताईने ठिपकीला हळूच ढोसलं.

ठिपकी वळली. "जाते," ती म्हणाली.

"अगं, जाते म्हणू नये," आई लगबगीने म्हणाली. "येते म्हणावं. येते म्हण, बाळा."

ठिपकीने विचार केला. जिन्यावरून वर पाहिलं, मग आजीकडे. ती नाटक करत नव्हती; शब्द नीट निवडत होती.

"नाही," ती म्हणाली. "जाते."